नखावरचा थेंब

पणजोबा, आजोबा आणि वडील, तिघांनीही मध पारखला तो अंगठ्याच्या नखावर. चौथ्या पिढीतल्या या मधाच्या व्यापाऱ्यानेही डोंगरातून मध आणणाऱ्या मावशीच्या डब्यातला थेंब नखावर घेतला आणि घराण्याचे ठरलेले वाक्य ऐकवले, "पातळ आहे, मावशी. पण एवढा डोंगर उतरून आलीच आहेस, तर निम्म्या भावात ठेवून जा."

तेवढ्यात फोनवर परदेशी खरेदीदाराचा निरोप आला. घर गहाण टाकून धाडलेला मधाचा पहिलावहिला कंटेनर तिकडच्या बंदरात अडकला होता. जहाज समुद्रात असतानाच तिकडच्या सरकारने नियम बदलला होता, आणि नवी तपासणी करणारी प्रयोगशाळा केवळ त्यांच्याच देशात होती. त्याने शेवटची ओळ मोठ्याने वाचली, "माल नियमात बसत नाही. पण इतक्या लांबून आलाच आहे, तर निम्म्या भावात ठेवून घेतो."

"घर गेलं गं, मावशी." त्याने फोन खाली ठेवला. "आता काय म्हणू मी त्यांना?"

मावशीने मध त्याच्या पिंपात ओतला आणि रिकामा डबा काखेत मारला.



"'बरं' म्हणायचं, लेकरा. आमच्या चार पिढ्या तुमच्या दारात तेच म्हणत आल्या. आज फिट्टंफाट झाली."