आरोळी

"आज वीज आली तरी कुणी ओरडायचं नाही. कळलं?"

भोंग्याने जिन्यात उभं राहून दम भरला, तशी पायऱ्यांवर बसलेली चिल्लीपिल्ली तिच्याकडे बघतच राहिली. म्हणजे मांजरानेच दुधाला शिवू नका म्हणून सांगावं! अख्ख्या इमारतीत सगळ्यात मोठा आवाज तिचाच, म्हणून तर ती भोंगा. दहावीत गेली तरी नाव काही सुटलं नव्हतं. वीज आली की "आऽऽली!" ही पहिली आरोळी तिचीच असायची, बाकीचे तिच्या मागून.

"पण का?" धाकट्या भावाने विचारलं.

तिने नुसतं तळमजल्यावरच्या दाराकडे बघितलं. दाराबाहेर लाइनमनकाकांचे रबरी बूट होते. वादळाच्या दुसऱ्या दिवशी तारेवर अडकलेली फांदी काढताना काका खांबावरून पडले, ते गेलेच. बूट त्यांच्या जोडीदाराने आणून ठेवले होते, ते अजून तिथेच होते. 

वादळ जाऊन नऊ दिवस झाले होते. भिंतींवर गुडघाभर उंचीवर चिखलाची रेघ, कठड्यांवर उलट्यासुलट्या टाकलेल्या गाद्या. खालच्या नळावर बादल्या भरून चार मजले चढवायच्या, म्हणजे वर पोचेपर्यंत निम्मं पाणी जिन्याला. वीज आली की पंप चालू होणार होता. सगळे डोळ्यांत तेल घालून वाट बघत होते. आणि आज काकांचा तो जोडीदार शिडी घेऊन इमारतीमागच्या खांबापाशी आला होता.

भोंगा मजला-मजला चढली.

दुसऱ्या मजल्यावरची शिवणकाम करणारी मावशी दारातच भेटली. वीज गेली रे गेली की हीच गॅलरीतून वाकायची, "अहो लाइनमन, झोपलात की काय!" आणि खालून लाइनमनकाकांच्या बायको, काकू, फणकारायच्या, "वीज काय यांनी खिशात घालून आणलीय?"

"मी कुठली ओरडतेय आता," मावशी म्हणाली. "किती बोलायचे गं मी त्यांना. जिभेला काही हाड होतं का माझ्या?"

तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना ऐकू कमी यायचं. त्यांना दोनदा सांगावं लागलं.

"ओरडू नका? अगं, पंखा फिरल्याशिवाय मला वीज आलेली कळत नाही."

"पंखा फिरला तरी नाही, आजोबा."

आजोबांनी तोंडावर बोट ठेवून दाखवलं.

दिवेलागणीला भोंगा पुन्हा तळमजल्यावर येऊन उभी राहिली. आणि अचानक जिन्यातला दिवा लागला.

वरच्या कुठल्यातरी घरात टीव्ही खच्चून बोलायला लागला आणि लगेच कुणीतरी त्याचा गळा दाबला. पंखे घरघरू लागले. पोरांनी दोन्ही हातांनी तोंडं दाबून धरली होती, डोळे मात्र हे एवढे मोठे! भोंग्याच्या घशाशी आरोळी आली होती. तिने मूठ तोंडात कोंबली आणि आरोळी गिळून टाकली.

कुणी म्हणता कुणी आवाज केला नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. भोंग्याला वाटलं, जमलं आपल्याला.

तळमजल्याचं दार उघडलं. काकू चौकट धरून उभ्या राहिल्या. काका गेल्यापासून त्या पहिल्यांदाच दारात दिसत होत्या. त्यांनी वर दिव्याकडे पाहिलं.

"आली?"

"आली, काकू," भोंगा कुजबुजली.

"मग ओरडली का नाहीस?"

"तुम्हाला... म्हणजे आम्ही ठरवलं, की..."

"तो शिडीवर थांबलाय ना," काकू म्हणाल्या.

भोंग्याने मागच्या भिंतीकडे पाहिलं.

"मागच्या बाजूला आपली एक तरी खिडकी आहे का? तिथून दिवे कसे दिसणार? फ्यूज टाकायचा आणि वरच थांबायचं. वीज आली नसेल तर पुन्हा बघायला लागतं. हे म्हणायचे, भोंग्याचा आवाज आला की उतरायचं खाली."

काका हे तिलाही सांगायचे. ती आजवर चेष्टाच समजत आली होती.

"इथे हाक मारून विचारणारही नाही तो बापडा. माझ्या दारासमोर." काकूंची बोटं चौकटीवर घट्ट झाली. "ओरड गं. उतरू दे त्याला."

भोंग्याने तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसती हवाच आली. ओढणीने डोळे पुसून तिने पुन्हा छाती भरून घेतली.

"आऽऽली!"

मग पोरं ओरडली. वरून मावशी ओरडली. सगळे गप्प झाल्यावर तिसऱ्या मजल्यावरून आजोबा एकटेच ओरडले, आणि कुणी हसलं नाही.

इमारतीमागून आवाज आला, "बरंऽऽ!"

पाठोपाठ शिडी वाजू लागली. एक पायरी, दुसरी, तिसरी. काकू मान किंचित तिरकी करून ऐकत होत्या. मध्ये आवाज थांबला, तसा त्यांनी श्वास धरला. पुन्हा एक पायरी. अजून एक. मग बूट चिखलात टेकल्याचा आवाज आला.

तेव्हा कुठे काकूंनी चौकट सोडली.