नसलेली स्क्रीन

वहिनींचा लॅपटॉप काम करता करता निळा पडून बंद व्हायचा. दुरुस्तीवाला त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसून तो तपासत होता. खोट स्क्रीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्येच, ग्राफिक्स ड्रायव्हरमध्येच होती. घरात एकच स्क्रीन असताना तो दुसरीही जोडलेली दाखवत होता, आणि त्या नसलेल्या स्क्रीनच्या भाराने मशीन मान टाकत होतं.

आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेले सासरे खोकत होते.

"वर्षानुवर्षं हेच ऐकतेय," वहिनी म्हणाल्या. "माझाही जीव मेटाकुटीला आलाय हो."

दुरुस्तीवाल्याने सेटिंगमधून ती दुसरी स्क्रीन काढून टाकली. आतला खोकला अर्ध्यातच तुटला.

वहिनी आत धावल्या. "बाबा? अहो बाबा!"

काहीच उत्तर आलं नाही. का कोण जाणे, त्याने घाईघाईने ती स्क्रीन परत जोडली. आतून खोकल्याचा राहिलेला अर्धा भाग आला, आणि मागोमाग म्हाताऱ्याचा आवाज: "सूनबाई, एवढा अंधार कुणी केला होता गं?"

वहिनी बाहेर आल्या.

"मी... मी फक्त दुसरी स्क्रीन काढली होती," तो चाचरत म्हणाला. "लगेच परत जोडली."

त्या बराच वेळ लॅपटॉपकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आतल्या खोलीचं दार आवाज न करता ओढून घेतलं.

"दादा," त्या म्हणाल्या, "आता कायमचा दुरुस्त करून टाका."