स्टॉप कुणी हलवला?

“आणि तो जयतीर्थ तिथं दिसला ना, तर मी गप्प बसणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो,” ऑटोत बसता बसता सुधींद्र म्हणाला.

“नका बसू गप्प. पण आधी गोळी घ्या,” कमल म्हणाली.

हुबळीच्या केशवापुरातून ऑटो निघाला तरी सुधींद्रची बडबड चालूच होती. बायकोवर नाही, जयतीर्थवर. धारवाडला सुभाष रोडवर सुधींद्रचं चिवडा-फरसाणाचं दुकान, वडिलांनी घातलेलं. रोज हुबळीहून भल्या पहाटे जायचं आणि शेवटच्या बसनं परतायचं. दुकानाच्या तोंडाशीच सिटी बसचा स्टॉप. बसला उशीर झाला की लोक चुळबुळतात, चुळबुळले की भूक लागते, आणि कढईचा वास नाकात शिरला की हात आपोआप खिशात जातो. धंद्याचं गुपित म्हणाल तर एवढंच.

आता तो स्टॉपच हलणार होता. हुबळी-धारवाड महापालिकेच्या नव्या आराखड्यात तो थेट खालच्या कोपऱ्यावर, जयतीर्थच्या बेकरीसमोर नेऊन ठेवला होता. आज नागरिकांची शेवटची सभा. यानंतर आराखडा पक्का.

“स्टॉप गेला की दुकान गेलंच म्हणायचं,” सुधींद्र म्हणाला. “मग काय, घरी बसून शेंगा सोलू?”

हातातली पिशवी कमल घटकेत मांडीवर घ्यायची, घटकेत बाजूला ठेवायची. सकाळपासून तिचं असंच चाललं होतं. भाजीत मीठसुद्धा दोनदा पडलं होतं.

“तू कशाला एवढी घाबरलीस? बोलायचं मला आहे.”

“म्हणूनच. तावातावानं बोलू नका. दुकानात काय झालं होतं ते विसरलात?”

“चक्कर होती ती.”

“चक्कर आली म्हणून कुणी आयसीयूत ठेवत नाही.”

सुधींद्रनं हात झटकला. देशपांडे नगरच्या डॉक्टरांनी कधीचं बजावलं होतं, आता दुकान पुरे. हा गडी हसला. म्हणाला, सोडतो की, गिऱ्हाईकांनी मला सोडलं की लगेच! वर त्याच डॉक्टरांच्या हातात शेवेचा पुडा ठेवून आला. असल्या माणसापुढं कोण काय बोलणार?

सभागृह भरलं होतं. भिंतीवर रस्त्यांचा हा एवढा मोठा नकाशा. एक जण उठून म्हणाला, माझ्या घरापुढं गतिरोधक पाहिजेच. त्याचा शेजारी उठला आणि म्हणाला, असलेला काढा, झोप लागत नाही. मंचावरचे अधिकारी दोघांनाही तितक्याच गोडीनं मान डोलवत होते.

जयतीर्थ पुढच्याच रांगेत होता. कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. “काय सुधींद्र अण्णा, बरं आहे ना आता?” त्यानं मागं वळून विचारलं.

सुधींद्रनं तोंड फिरवलं. “बघितलंस? दात काढतोय वर. यानंच केलंय सगळं.”

“तुम्हाला काय माहीत?” कमल म्हणाली.

“मग कुणी? स्टॉपचं म्हणे पहिल्याच सभेत निघालं. तू होतीस की तेव्हा! तुला दिसला नाही हा?”

“नाही दिसला.”

पहिली सभा हुबळीत, तीही भर दुपारी. धारवाडचे दुकानदार गल्ला सोडून कशाला येतायत? सुधींद्रनं कमलला पाठवून दिलं होतं, बारशाला नाहीतर मयताला पाठवावं तसं. घरातलं एक माणूस हजर असलं म्हणजे झालं, ही त्यांच्याकडची रीतच. घरी आल्यावर त्यानं विचारलं, काय झालं गं? ती म्हणाली, चहा बरा होता. विषय तिथंच मिटला.

सुधींद्रची पाळी आली. कानडीत तो फर्डं बोलला. म्हाताऱ्यांचे गुडघे, बायकांच्या पिशव्या, उन्हात कोपऱ्यापर्यंतची चाल, काही म्हणजे काही सोडलं नाही. टाळ्या पडल्या. टाळ्यांनी त्याला आणखी चेव आला.

“हे डोकं कुणाचं, तेवढं सांगा!”

“कूडरी, कूडरी,” अधिकारी हातानं खाली बसायची खूण करत म्हणाले. “एका नागरिकाचीच सूचना आहे. आम्ही जागा बघून आलो. कोपरा रुंद आहे, वाहतूक मोकळी होते.”

“कुठला नागरिक? नाव सांगा!”

कमलनं त्याचा शर्ट ओढला. “अहो, बसा ना. नाव कशाला पाहिजे?”

“का नको? सगळ्यांना कळू दे!” सुधींद्रनं जयतीर्थकडं बोट रोखलं. “हाच ना तो?”

जयतीर्थ ताडकन उठला. “मी? अहो, मला तो स्टॉप फुकट दिला तरी नको! दारात बस उभी राहिली तर माझ्या मालाची गाडी कुठं लावू? मी विरोध करायलाच आलोय, अण्णा.”

सभागृहात हशा पिकला. सुधींद्रचा चेहरा लालबुंद झाला, कपाळावर घाम फुटला. “मग कोण?” त्याला धाप लागली होती.

“त्या दिवशी तुमच्या रस्त्याबद्दल एकच माणूस बोललं,” अधिकारी म्हणाले. “आज ते इथं आहे. पण नाव मी सांगणार नाही.”

“हिंमत असेल तर त्यानं उभं राहावं!” सुधींद्र ओरडला. “माझ्या पोटावर पाय देणारं माणूस बघू दे तरी मला!”

कुणी हललं नाही. जयतीर्थसुद्धा मान वळवून इकडंतिकडं बघायला लागला.

मग कमलनं पिशवी खुर्चीवर ठेवली, पदर सारखा केला आणि ती नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली.

“मी सांगितलं,” ती म्हणाली. “दुकान पुरे, हे तुम्हाला सांगून सांगून थकले, म्हणून सरकारला सांगितलं.”