घरच्या घरी ब्रेक

गाडीचे ब्रेक त्याने स्वतः दुरुस्त केले. पण ते अजून झालंच नाही असं धरून चालू, कारण गाडी नुकतीच जॅकवर चढली होती. लहानपणापासून पान्ह्याला हात लावला की गॅरेजवाले वडील “गाढवा!” असे खेकसायचे की शेजारची मांजरं घर बदलायची. आता तेच वडील म्हातारपणी घरची माणसंही विसरून बाजूच्या स्टुलावर बसले होते. निदान चूक बघून पोराला ओळखतील, म्हणून त्याने चाकाचे नट सोडवायचे सोडून मुद्दाम आवळले. “सावकाश करा, मिस्त्री,” वडील अदबीने म्हणाले. “माझ्या मुलाला यातलं काही येत नाही, नाहीतर तुम्हाला त्रास दिला नसता.” “कुठे असतो मुलगा?” त्याने विचारलं. “येईल. त्याच्यावर ओरडू नका, भित्रा आहे.” नट सुटले, ब्रेक बसले. तरी वडिलांनी सदर अर्जदारास पूर्वीप्रमाणे गाढव म्हणावे, ही नम्र विनंती.