पेंढ्याचं वासरू

वासराच्या पोटावरची शिवण दोन बोटं उसवली होती. नापेयोकने बाहेर आलेलं गवत आत सारलं आणि मेलेल्या वासराचं ते गवत भरलेलं कातडं गाईपुढे धरलं. ते चाटलं की गाय पान्हा सोडायची. सलग तिसऱ्या कोरड्या वर्षी लहानग्या अमोनीला तेवढ्याच दुधाचा आधार होता.

"पोरीला लोडवार शहरात तुझ्या बहिणीकडे ठेवू. पोटभर तरी खाईल," नवरा पुन्हा म्हणाला.

"आईचं काळीज काय असतं, ते या गाईला विचारा!"

गाईने कातडं हुंगलं, चाटलं. मग उसवल्या जागी तोंड खुपसून ते फाडलं आणि ती आतलं गवत खाऊ लागली.

नापेयोकने शेजारी उभ्या अमोनीचे डोळे झाकले.

"अमोनीचे बाबा," ती म्हणाली, "हिला आजच पोचवून या."