बारा मीटरचा पतंग

लांब राहणाऱ्या मुलाचा फोन आला की वडिलांचं बोलणं "तब्येत बरी आहे" इथंच संपायचं. मुलाला नाद काइटबोर्डिंगचा: पायाखाली फळी, कमरेला बांधलेला भलामोठा पतंग आणि वारा नेईल तसं लाटांवरून सुसाट सुटायचं. शेवटी वडील किनाऱ्यावरच्या वर्गात नवशिक्यांमध्ये जाऊन बसले. कमरेचा पट्टा म्हणजे हार्नेस, हातातला दांडा म्हणजे बार, वारा जोराचा असला की पतंग लहान, असं सगळं त्यांनी घोकून घेतलं.

पुढच्या फोनवर त्यांनी घसा खाकरून विचारलं, "आज वारा कसा आहे रे? बारा मीटरचा पतंग काढलास की नऊचा?"

मुलगा म्हणाला, "बाबा, ते मी केव्हाच सोडलं."

"बरं," वडील म्हणाले. "मग आता काय शिकू, तेवढं सांग."