शेवटचा तुकडा

मिनेसोटातल्या आमच्या चर्चच्या तळघरात पास्टर लोर्नाने ओडेसाला भेदभावावर बोलायला उभं केलं. आमच्यात ती एकटीच काळी. “मोकळेपणाने सांग,” लोर्ना म्हणाली, “फक्त कुणाला लागेल असं नको.” तेवढ्यासाठी ओडेसाने लिंबाचा केक आणला होता. केक वाटून झाल्यावर ती म्हणाली, “इतकी वर्षं येतेय, पण दारात मला पाहुणी समजतात आणि स्वयंपाकघरात कामवाली.” दाराशी स्वागत करणारे हार्लन डोळे पुसू लागले. “म्हणजे मी वाईट माणूस?” “तसं नाही हो,” म्हणत ओडेसाच त्यांची समजूत काढत बसली. बाकीचे आम्ही केककडे वळलो. शेवटचा तुकडा उचलणं आमच्याकडे असभ्य, म्हणून प्रत्येकजण उरलेल्यातला अर्धाच घेत होता. ओडेसा ताटली धुवायला उठली. “फार छान बोललीस,” लोर्ना म्हणाली. “धुतेच आहेस तर...” तिच्यामागे उष्टे कप घेऊन आम्ही रांगेत उभे होतो.